रक्तातले कॅल्शियम वाढले म्हणजे दूध बंद करायचे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावातून एका वाचक भगिनीने आपल्या 57 वर्षांच्या आईविषयी लिहिले आहे. आईला गेल्या काही वर्षांत दोनदा मुतखड्याचा त्रास झाला. दुसऱ्या वेळी केलेल्या तपासण्यांत रक्तातील कॅल्शियम दर डेसिलिटरला 11.4 मिलिग्रॅम आले (प्रयोगशाळेची मर्यादा 8.6 ते 10.2), पॅराथायरॉइड संप्रेरक म्हणजे पीटीएच 142 (मर्यादा 15 ते 65) आणि ड जीवनसत्त्व 12, म्हणजे कमी. अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) ठीक आहेत. खुब्याच्या हाडाची घनता (टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) उणे 2.6 आहे. हाडांच्या डॉक्टरांनी पूर्वीच कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. आता घरातल्यांनी गोळ्यांसोबत दूध, दही आणि नाचणीही बंद केली आहे. एका डॉक्टरांनी गळ्याची शस्त्रक्रिया सुचवली, परंतु गळ्याचा स्कॅन ‘नॉर्मल’ आल्याने भावाच्या मते आजारच नाही. आई म्हणते, “एका आकड्यासाठी गळा कापून घ्यायचा नाही.” कॅल्शियम आहाराने खाली आणता येईल का, आणि शस्त्रक्रिया टाळता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

तुम्ही आईचे सगळे आकडे तारखांसह व्यवस्थित उतरवून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. आईंना मी तपासलेले नाही, म्हणून अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांसोबतच व्हायला हवा. मात्र तुमच्या पत्रातल्या काही गृहीतकांवर आधी थांबून विचार करावा असे मला वाटते, कारण त्यांच्यावरच घरातले निर्णय उभे आहेत.

पहिले गृहीतक असे, की रक्तात कॅल्शियम जास्त आहे म्हणजे शरीरात कॅल्शियम जास्त झाले आहे, आणि ते तोंडावाटे गेले असणार. हा विचार स्वाभाविक आहे, साखरेच्या बाबतीत आपण असाच विचार करत आलो आहोत. पण कॅल्शियमचे गणित वेगळे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले 99 टक्के हाडांत व दातांत असते. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास असते. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके, रक्त गोठणे ही सगळी कामे या एवढ्याशा कॅल्शियमवर चालतात. म्हणून शरीर ते अतिशय अरुंद मर्यादेत राखते, आणि त्यासाठी गरज पडल्यास हाडे झिजू देते, पण रक्तातली पातळी ढळू देत नाही.

ही राखण करणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी गळ्यात, थायरॉइडच्या मागच्या बाजूला असतात. प्रत्येक ग्रंथी तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, वजनाने 30 ते 50 मिलिग्रॅमची. थायरॉइडशी त्यांचा संबंध शेजाराचा आहे, कामाचा नाही. त्यामुळे आईंचा थायरॉइडचा अहवाल चांगला आल्याने या ग्रंथींबद्दल काहीच कळत नाही. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो, ज्याची रचना शास्त्रज्ञांना 1993 मध्ये उलगडली. रक्तातले कॅल्शियम किंचित उतरले की काही क्षणांत पीटीएच स्रवू लागते. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम मोकळे करते आणि मूत्रपिंडांना कॅल्शियम राखायला व फॉस्फेट बाहेर टाकायला लावते. शिवाय मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करवून घेते, आणि त्या रूपामुळे आतडे अन्नातले कॅल्शियम अधिक शोषते. कॅल्शियम पुरेसे वर आले की ग्रंथी आपोआप शांत होतात. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच नाहीसे होते, त्यामुळे हा सगळा व्यवहार दिवसभर सतत, अगदी बारकाईने चालू राहतो.

आता आईंचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. कॅल्शियम 11.4 असताना निरोगी ग्रंथींनी पीटीएच जवळजवळ थांबवायला हवे होते. ते मर्यादेच्या तळाशी किंवा त्याखाली दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ते 142 आहे. म्हणजे गच्चीवरची टाकी भरून वाहते आहे, तरी सेन्सर बिघडल्यामुळे मोटर बंद होत नाही आणि विहीर उपसली जाते आहे. ती विहीर म्हणजे आईंची हाडे. रक्तात कॅल्शियम जास्त आणि हाडांत कमी, हे तुम्हाला परस्परविरोधी वाटले, पण ते एकाच बिघाडाचे दोन परिणाम आहेत. मुतखडा हा तिसरा, कारण रक्तात इतके कॅल्शियम आले की मूत्रपिंडाने राखूनही पुष्कळसे लघवीत उतरतेच. या आजाराला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि सुमारे 80 ते 85 टक्के रुग्णांत चारपैकी एकाच ग्रंथीत तयार झालेली साधी गाठ त्याला कारण असते. ‘गाठ’ हा शब्द ऐकून घरात कर्करोगाची भीती शिरली असेल तर तीही बाजूला ठेवा. या ग्रंथीचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ असून अशा रुग्णांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते.

म्हणून आहाराविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे: दूध, दही आणि नाचणी आजपासून पुन्हा सुरू करा. अन्नातले कॅल्शियम तोडले की बिघडलेल्या ग्रंथीला आणखी पीटीएच स्रवायला निमित्त मिळते आणि हाडांवरचा भार वाढतो. मुतखड्यासाठीही ही काटकसर उलटी पडते, कारण अन्नातले कॅल्शियम ऑक्झलेटला (खडे बनवणाऱ्या एका घटकाला) आतड्यातच बांधून ठेवते. ते नसले की ऑक्झलेट जास्त शोषले जाऊन लघवीत उतरते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. एवढे उद्दिष्ट काटेकोरपणे गाठण्याची घाई आत्ता नको, पण घरच्या साध्या जेवणातून सहज मिळते तेवढे खुशाल मिळू द्या. गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या एकदम मोठी मात्रा देतात, म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टची (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची) भेट होईपर्यंत त्या थांबवण्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

गोळ्यांव्यतिरिक्त घरात कोणकोणत्या वाटांनी कॅल्शियम पोटात जाते तेही पाहा. सांधेदुखीवर गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून किंवा पाण्यातून घेण्याचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. प्रवाळ आणि शंखभस्म यांतही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते, आणि पित्तावरच्या चघळायच्या कित्येक गोळ्यांतही तेच. आई यांपैकी काही घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रागावून विचारले तर अशा गोष्टी सांगितल्या जात नाहीत, म्हणून सहज गप्पांत विचारा.

दुसरे गृहीतक भावाचे आहे: स्कॅन स्वच्छ, म्हणजे आजार नाही. त्यांनी हे आईच्या काळजीपोटीच म्हटले आहे, यात मला शंका नाही. परंतु या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीवर होते, चित्रावर नाही. सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ग्रंथी दाखवणारी तपासणी) हे निदान झाल्यावर गाठ कोणत्या बाजूला आहे हे शल्यविशारदाला कळावे म्हणून करतात. गाठ लहान असली, एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असल्या किंवा ग्रंथी तिच्या नेहमीच्या जागेहून खाली छातीच्या पोकळीत असली, तर स्कॅनमध्ये ती निसटू शकते. अशा वेळी फोर-डी सीटी किंवा कोलीन पेट स्कॅन मोठ्या केंद्रांत करता येतो, आणि काहीच न दिसल्यासही अनुभवी शल्यविशारद चारही ग्रंथी प्रत्यक्ष पाहून बिघडलेली ग्रंथी शोधू शकतात. शस्त्रक्रिया आधी ठरते, स्कॅन तिच्या तयारीसाठी असतो.

तरीही शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात, आणि इथे थोडा वेळ घालवणे योग्य आहे. आईंच्या औषधांच्या यादीत रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी आहे, हे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. ही माहिती फार महत्त्वाची आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथालिडोन ही औषधे लघवीतून जाणारे कॅल्शियम रोखतात, त्यामुळे रक्तातली पातळी काहीशी वाढू शकते. आईंचे पीटीएच इतके वर आहे की सारा दोष गोळीवर टाकता येईल असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा अशी गोळी आधीच असलेला आजार फक्त उघडकीला आणते. परंतु निदान निर्विवाद व्हावे म्हणून डॉक्टर ती बदलून दुसरी देतील आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतील. ही गोळी स्वतःहून बंद करू नका, रक्तदाब सांभाळणेही तितकेच गरजेचे आहे. लिथियममुळेही असाच परिणाम होतो, त्यामुळे मानसोपचाराची औषधे चालू असलेल्या इतर वाचकांनी ती माहिती लपवू नये.

पुन्हा रक्त द्याल तेव्हा कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि पीटीएच एकाच नमुन्यातून तपासून घ्या. रक्तातले निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिन व इतर घटकांना बांधलेले असते. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा एकूण आकडा फसवा कमी दिसतो, म्हणून 4 च्या खाली उतरलेल्या दर एका ग्रॅममागे त्यात 0.8 मिळवून वाचतात. आईंचे अल्ब्युमिन ठीक असल्याने त्यांच्या बाबतीत ही दुरुस्ती लागत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीपूर्वी काही दिवस त्या थांबवाव्या लागतात, कारण काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएचचा आकडा चुकतो.

यानंतर 24 तासांच्या लघवीतले कॅल्शियम. ही तपासणी कंटाळवाणी असते, दिवसभराची लघवी डब्यात साठवावी लागते आणि म्हणूनच ती पुष्कळदा राहून जाते. पण ती टाळू नका. काही कुटुंबांत कॅल्शियम ओळखणारा ग्राहकच जन्मतः थोडा मंद असतो. अशा माणसांच्या रक्तात कॅल्शियम आयुष्यभर किंचित जास्त राहते, लघवीत मात्र फार कमी उतरते, आणि त्यांना शस्त्रक्रियेचा काहीच उपयोग होत नाही. आईंना खडे झाले आहेत आणि हाडेही झिजली आहेत, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते, तरी गळ्यावर शस्त्र लावण्यापूर्वी ती दूर झालेली बरी. ही तपासणी रक्तदाबाची गोळी बदलल्यानंतर आणि ड जीवनसत्त्व सुधारल्यानंतरच करावी, कारण या दोन्ही कारणांनी लघवीतले कॅल्शियम मुळात कमी दिसते.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. कॅल्शियम वाढलेले असताना ड देऊ नये असा समज आहे, आणि म्हणून आईंना ते दिलेले नाही. प्रत्यक्षात ड इतके कमी असले की पीटीएच आणखी चढते आणि हाडांची झीज वाढते. शिवाय 11.4 हा आकडादेखील त्यामुळे थोडा झाकलेला असू शकतो. ड भरून काढायला हवे, परंतु रोजच्या लहान मात्रेत आणि मधून मधून कॅल्शियम तपासत. 6 लाख युनिटांचे इंजेक्शन किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या 60,000 युनिटांच्या कॅप्सूल आठवड्यामागून आठवडे घेणे, यांपैकी काहीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका.

हाडांची घनता पुन्हा मोजाल तेव्हा मनगटाजवळचे, पुढच्या हाताचे हाडही मोजायला सांगा. या आजारात हाडांचा बाहेरचा कठीण थर अधिक झिजतो आणि तो तिथे चांगला कळतो.

आता शस्त्रक्रियेबद्दल. आई म्हणतात त्या आकड्याचे मोल मी कमी लेखत नाही. फक्त एवढे सांगतो की त्यांच्या बाबतीत प्रश्न आकड्याचा राहिलेला नाही. या आजारात शस्त्रक्रिया कधी सुचवावी याचे निकष जगभर मान्य आहेत: कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा 1 मिलिग्रॅमहून अधिक असणे, हाडांची घनता उणे 2.5 किंवा त्याहून खाली असणे, मणक्याचे हाड मोडलेले असणे, मुतखडा असणे, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता 60 च्या खाली गेलेली असणे, लघवीत फार कॅल्शियम जाणे, किंवा वय 50 पेक्षा कमी असणे. यांपैकी एक लागू असला तरी पुरतो. आईंना आत्ताच तीन लागू आहेत, आणि निदान पक्के झाले तर माझा कौल निःसंशय शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे.

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा 1925 साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कर्मचाऱ्यावर केली. त्याची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की त्याला चालता येत नव्हते. गाठ काढल्यावर तो सुधारला, पुढे आजार मात्र उलटला. तेव्हा ना स्कॅन होते, ना पीटीएच मोजता येत होते. आज गाठीची जागा आधी कळली असेल तर गळ्याच्या घडीत छोटी चीर पुरते आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी जाता येते. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच निम्म्याहून खाली आले की योग्य ग्रंथी निघाली असे शस्त्रक्रिया चालू असतानाच कळू शकते. अनुभवी हातांत बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

धोके आहेत, ते आईंपासून लपवू नका. आवाजाची नस जवळून जाते आणि तिला कायमची इजा होण्याची शक्यता कुशल हातांत एक टक्क्याच्या आसपास असते. दुसरा धोका अधिक नेहमीचा: उपाशी राहिलेली हाडे एकाएकी रक्तातले कॅल्शियम ओढून घेतात आणि पातळी घसरते. ड कमी असलेल्या रुग्णांत हे जास्त होते, आधी ड सुधारण्याचे हेही एक कारण. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे, हातापायांत पेटके येणे ही त्याची लक्षणे आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस कॅल्शियम वारंवार मोजावे लागते, त्यामुळे घरी सोडताना रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा ते लिहून घ्या. शल्यविशारद निवडताना त्यांना वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता असे थेट विचारा. हा प्रश्न विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. गावाजवळ अनुभवी व्यक्ती नसेल तर पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवास माझ्या मते सार्थ आहे.

आईंनी सगळे समजून घेऊनही नकार दिला, तर तो निर्णय त्यांचा आहे. मग मात्र देखरेख सोडू नका. कॅल्शियम उतरवण्यासाठी सिनाकॅल्सेट आणि हाडांसाठी बिस्फॉस्फोनेटसारखी औषधे आहेत. ती परिणाम सांभाळतात, मूळ गाठीला हात लावत नाहीत. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन नियमित तपासावे, घनता एक-दोन वर्षांनी मोजावी आणि पाणी भरपूर प्यावे. निर्जळी उपवास मात्र टाळलेलेच बरे. पाणी कमी पडले की कॅल्शियम झपाट्याने चढते. उलट्या, जुलाब झाले किंवा आई गोंधळल्यासारख्या, फार झोपाळू वाटू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

असेच अहवाल हातात असलेल्या इतर वाचकांना दोन शब्द. पीटीएच जास्त, पण कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असेल, तर बहुधा ड ची कमतरता किंवा मूत्रपिंडाचा आजार असतो आणि उपचार त्याचा करावा लागतो, ग्रंथीचा नाही. उलट कॅल्शियम जास्त आणि पीटीएच दबलेले असेल, तर ड चा अतिरेक, क्षयरोगासारखे आजार किंवा कर्करोग यांचा शोध लवकर घ्यावा लागतो. थायरॉइड काढल्यानंतर ज्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्या आहेत त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सोडू नयेत, आणि थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

तुम्ही लिहिले आहे की आई अलीकडे चिडचिड करतात, लवकर थकतात, रात्री लघवीला उठतात, बद्धकोष्ठतेची तक्रार करतात, आणि घरात याचा ठपका त्यांच्या वयावर व स्वभावावर ठेवला जातो. वाढलेल्या कॅल्शियमने हे सगळे होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर मनःस्थिती नक्की सुधारेल असे वचन कोणी देऊ नये, पण हा त्रास खरा असू शकतो, हे त्यांना घरच्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. भावालाही न्या. तुमच्या कुटुंबात आणखी कोणाला तरुणपणी वारंवार खडे झाले असतील किंवा गळ्याची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही घराण्यांत हा आजार आनुवंशिक असतो. अशी काही माहिती पुढे आली, तर तुम्ही दोघा भावंडांनी कॅल्शियमची एक साधी तपासणी करून घ्यावी.